हृदयाची रेघ

‘तुम्ही काय करता?’ या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येणं हेही एक भाग्यच असतं. डॉक्टर, मास्तर, वकील, इंजिनीअर. सांगितलं की संपलं. माझ्या वाट्याला ते भाग्य नाही. ‘मी कार्डिअ‍ॅक फिजिऑलॉजिस्ट आहे’ म्हटलं की समोरचा माणूस आधी आदराने आणि मग संशयाने पाहतो. सांगलीच्या माझ्या आत्याने तर उलटतपासणीच घेतली होती. ‘म्हणजे डॉक्टर?’ ‘नाही.’ ‘मग नर्स?’ ‘तेही नाही.’ ‘अगं, मग हृदयाचं करतेस तरी काय?’ ‘मोजते,’ मी म्हटलं. ‘बरं आहे,’ आत्या म्हणाली, ‘कोणीतरी मोजायलाच हवं.’

आत्याने नकळत आमच्या कामाचं मर्मच सांगितलं. छातीत दुखतंय, धाप लागते, चक्कर येते म्हणून माणूस डॉक्टरांकडे जातो. औषध द्यायचं, शस्त्रक्रिया करायची की घरी पाठवायचं, हे डॉक्टर ठरवतात. पण ज्या कागदावर बोट ठेवून ते ठरवतात, तो कागद दुसऱ्याच कोणीतरी तयार केलेला असतो. ईसीजी काढणं, चोवीस तास छातीवर यंत्र बांधून ठोक्यांची नोंद घेणं, पट्ट्यावर चालवून हृदयाची परीक्षा घेणं, बसवलेला पेसमेकर नीट चालतो का ते तपासणं, अँजिओग्राफीच्या वेळी पडद्यावर नजर ठेवणं ही सगळी आमची कामं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे मी दक्षिण वेल्समधल्या स्वान्झी शहरात आले. पदरात फिजिक्सची बी.एस्सी. आणि कडेवर मुलगी. ती शाळेत जायला लागल्यावर, तिशी उलटून गेल्यावर, मी पुन्हा बाकावर बसले. वर्गातली बाकीची मुलं अठरा-एकोणीस वर्षांची. ‘हेल्थकेअर सायन्स’ या पदवीतली हृदयाची शाखा. मुदत तीन वर्षं. शरीररचना, शरीरक्रिया, थोडं पदार्थविज्ञान, थोडं संख्याशास्त्र असा अभ्यास. वेल्समध्ये सरकार या शिक्षणाची फी भरतं. त्या बदल्यात पदवीनंतर ठरावीक काळ तिथल्याच सरकारी आरोग्यसेवेत नोकरी करायची. माझ्यासारख्या संसारी बाईला हा सौदा वाईट नव्हता.

दहा तारा, बारा चित्रं

ईसीजी म्हणजे तारा लावल्या, बटण दाबलं आणि कागद आला, असं मलाही वाटायचं. खरं म्हणजे सगळी कला बटण दाबण्याआधी असते. हातापायांना चार आणि छातीवर सहा अशा दहा तारा लावायच्या आणि त्यांतून हृदयाची बारा बाजूंनी बारा चित्रं मिळवायची. छातीवरच्या जागा अंदाजाने ठरवून चालत नाही. गळ्याखालच्या खळग्यातून बोट खाली सरकवलं की मधल्या हाडावर एक आडवा उंचवटा लागतो. तिथे दुसरी बरगडी. तिथून मोजत चौथ्या बरगडीखालच्या फटीत यायचं. पहिल्या दोन जागा तिथे, हाडाच्या उजवीकडे आणि डावीकडे. हीच पट्टी दोन बोटं वर लागली, तर धडधाकट माणसाच्या कागदावरही जुन्या झटक्यासारखी खूण उमटू शकते. दोन हातांच्या तारांची अदलाबदल झाली, तर पहिलं चित्र चक्क उलटं होतं. यंत्र बिचारं इमानदार. समोर येईल ते काढतं.

या यंत्राचा इतिहासही मोठा मजेचा. माणसाच्या हृदयाची विद्युतरेघ १८८७ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ऑगस्टस वॉलर यांनी पहिल्यांदा नोंदवली. पुढे ते आपल्या जिमी नावाच्या बुलडॉगचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून जाहीर प्रयोग करत. त्यावर पार्लमेंटात प्रश्नही विचारला गेला! हॉलंडमधल्या लायडनच्या विलेम आइंथोव्हेन यांनी ही रेघ स्पष्ट आणि उपयोगाची केली आणि १९२४ साली नोबेल मिळवलं. त्यांचं यंत्र सुमारे २७० किलो वजनाचं होतं, चालवायला पाच माणसं लागत. रुग्णाने दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचं. आज तेच यंत्र एका हाताने उचलता येतं.

रुग्णालय हाच वर्ग

तीन वर्षांत मिळून साधारण ५० आठवडे रुग्णालयात काढावे लागतात. पहिल्या वर्षी थोडे, शेवटच्या वर्षी सर्वांत जास्त. हातात एक नोंदवही. एकेक काम वरिष्ठांसमोर करून दाखवायचं आणि त्यांची सही घ्यायची. माझ्या वरिष्ठ बाईंनी पहिले कित्येक दिवस मला निरोगी माणसांचेच कागद वाचायला लावले. मला कंटाळा आला. रोग कधी दाखवणार, असं विचारलं तर म्हणाल्या, ‘सरळ काय ते डोळ्यांत बसलं की वाकडं आपोआप दिसतं.’ आपल्याकडे गाणं शिकवणारेही आधी वर्षभर षड्जच लावून घेतात, ते मला तेव्हा आठवलं.

आणखी एक गोष्ट पुस्तकात नव्हती. अनोळखी माणसाला अंगातले कपडे काढायला सांगायचे आणि त्याच्या छातीला हात लावायचा, याचा संकोच आधी मला होता. नंतर कळलं, तो समोरच्यालाही तेवढाच असतो. काय करणार आहे ते सांगायचं, परवानगी घ्यायची, अंगावर पांघरूण द्यायचं. ही नुसती सभ्यता म्हणू नका. माणूस थंडीने किंवा भीतीने थरथरला की स्नायूंचा कंप त्याच कागदावर उतरतो आणि हृदयाची रेघ त्यात हरवते. धीर देणं हा तिथे तंत्राचाच भाग आहे. म्हाताऱ्या वेल्श आजींना मी ‘बोरे दा’ म्हणून सुप्रभात करायची, तर गुजराती आजीबाईंशी मोडक्या हिंदीत बोलायची. दोघींचेही खांदे सारखेच सैल व्हायचे.

चेहरा कोरा ठेवायचा

दुसऱ्या वर्षातला एक सकाळचा रुग्ण मी विसरणार नाही. ऐंशीच्या घरातले, कोळशाच्या खाणीत आयुष्य घालवलेले आजोबा. दक्षिण वेल्सच्या त्या खाणी आता मिटल्या; टॉवर नावाची शेवटची मोठी खोल खाण २००८ साली बंद झाली. पण खाणकामगाराच्या अंगावर जुन्या जखमांत कोळशाची धूळ बसून निळे व्रण कायमचे राहतात. त्या निळ्या रेषांमधून मी बरगड्या मोजल्या. ‘थोडा थकवा आहे,’ एवढीच त्यांची तक्रार. दोन बस बदलून एकटे आले होते.

कागद बाहेर आला. मिनिटाला ३४ ठोके. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय एक, खालच्यांची दुसरी. एकाच मैफलीत दोन तबलजी आपापला ठेका धरून बसावेत तशी. वरचा निरोप खाली पोचतच नव्हता. वर्गात हे चित्र मी अनेकदा पाहिलं होतं, पण तेव्हा त्याखाली श्वास घेणारा माणूस नव्हता.

‘काय म्हणतेय रेघ, पोरी?’ आजोबांनी विचारलं. आम्हाला शिकवलेलं असतं की चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही, खोटं बोलायचं नाही आणि निदानही सांगायचं नाही. ‘माझ्या वरिष्ठांना दाखवते. तुम्ही उठू नका, असेच पडून राहा,’ मी म्हटलं. दाराशी असलेल्या बाईंच्या हातात कागद दिला. त्यांनी एक नजर टाकली आणि फोन उचलला. आजोबा त्या दिवशी घरी गेले नाहीत. दोन दिवसांनी त्यांना पेसमेकर बसवला. काही आठवड्यांनी तपासणीला आले तेव्हा टेकडीवरच्या आपल्या भाजीच्या वाफ्यापर्यंत न थांबता चढून जातो, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

पहिला पेसमेकर १९५८ साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवला, तो काही तासच टिकला. पुढे एकामागून एक वीसहून अधिक बसवत लार्सन २००१ पर्यंत जगले. ते प्रत्येक यंत्र तपासणारे, त्याचे आकडे मोजणारे हातही कोणाचे तरी असतीलच ना?

आपल्याकडे काय?

गंमत म्हणजे ब्रिटनमध्येही या पदवीधरांची नोंदणी ऐच्छिक आहे, कायद्याने सक्तीची नाही. आपल्याकडे संसदेने २०२१ साली सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी कायदा केला. त्याच्या यादीत हृदयाच्या तंत्रज्ञांचाही समावेश आहे. महाराष्ट्रातही कार्डिअ‍ॅक टेक्नॉलॉजीचे पदवी अभ्यासक्रम आहेत. पण ‘नीट’चा निकाल लागला आणि मेडिकलचा प्रवेश हुकला की आपल्या घरांतून सुतकी शांतता पसरते. रुग्णालय म्हणजे डॉक्टर आणि बाकी सगळे ‘इतर’, हा आपला जुना हिशेब. त्या ‘इतरां’च्या बोटांवर कोणाचं तरी निदान अवलंबून असतं, हे मुलांना सांगायला काय हरकत आहे?

आणि तुम्हाला एक विनंती. कधी ईसीजी काढायची वेळ आलीच, तर हातपाय सैल सोडा, बोलू नका. तारा लावणारी व्यक्ती बरगड्या चाचपत वेळ घेत असेल, तर घाई करू नका. गुदगुल्या झाल्या तरी घेऊ द्या तिला तेवढा वेळ.