माद्रिदमधला परक्यांचा वर्ग

मराठीत आणि स्पॅनिशमध्ये एक शब्द जवळजवळ जसाच्या तसा आहे : 'तू'. अर्थ तोच, उच्चार तोच, मूळही एकच. आदरार्थी शब्द मात्र वेगळा, 'उस्तेद'. 'आपली कृपा' अशा अर्थाच्या एका जुन्या संबोधनाचा तो झिजून उरलेला तुकडा आहे. म्हणून त्याच्याबरोबर क्रियापद तृतीय पुरुषी येते. समोरच्यालाच 'महाराज काय म्हणतात?' असे विचारावे, तसे. मी पुण्यात स्पॅनिश शिकवतो. मराठी मुलांना हे पहिल्या तासालाच समजते. इंग्रजीभाषकाला नियम पाठ होतो, पण अंगवळणी पडत नाही, कारण त्याच्याकडे सगळ्यांना एकच 'यू'.

तरी समजणे वेगळे आणि जमणे वेगळे. मी स्वतः शिकायला माद्रिदला गेलो, तेव्हा ज्यांच्या घरी राहत होतो त्या बाईंना महिनाभर 'उस्तेद'च म्हणत राहिलो. वयाने आईएवढ्या, म्हटले मान द्यावा. शेवटी त्यांनी विचारले, तुला माझा काही राग आला आहे का? कुणाला केव्हापासून 'तू' म्हणायचे, हे व्याकरणाच्या पुस्तकात नसते. त्यासाठी तिथे जाऊनच राहावे लागते.

परदेशीयांसाठीचे असे वर्ग स्पेनमध्ये कसे सुरू झाले, हे शोधताना १९१२ हे साल समोर येते. त्याआधी १८९८मध्ये अमेरिकेशी झालेल्या युद्धात स्पेनने क्यूबा, पोर्तो रिको आणि फिलिपाइन्स गमावले होते. देश मागे का पडला, याची चर्चा सुरू झाली आणि १९०७मध्ये शिक्षणविस्तारासाठी एक 'हुंता', म्हणजे मंडळ, स्थापन झाले. अध्यक्ष होते नोबेलविजेते शरीरशास्त्रज्ञ रामोन इ काहाल. स्पॅनिश तरुणांना शिष्यवृत्त्या देऊन युरोपात शिकायला पाठवणे हे मंडळाचे मुख्य काम. पण पाच वर्षांनी दार उलट्या बाजूनेही उघडले. मेनेंदेस पिदाल यांच्या इतिहास अभ्यास केंद्राने परदेशीयांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केले. मंडळाच्याच 'रेसिदेन्सिया' या विद्यार्थिगृहातल्या खोल्या उन्हाळ्यात रिकाम्या होत, तिथे पाहुण्यांची सोय होई. (याच रेसिदेन्सियात पुढे लोर्का, दाली आणि बुन्युएल एकत्र राहिले.) व्याख्याने, प्रादो संग्रहालयातली चित्रे, तोलेदोची सहल असा कार्यक्रम असे. उच्चारशास्त्र शिकवणाऱ्या नावार्रो तोमास यांचे १९१८चे पुस्तक पुढे कित्येक पिढ्यांनी वापरले.

या वर्गांना बळ मिळाले ते अमेरिकेमुळे. पहिल्या महायुद्धात अमेरिकन शाळांतून जर्मन भाषा हद्दपार होऊ लागली आणि तिची जागा बऱ्याच अंशी स्पॅनिशने घेतली. शिकवणारे हवे होते आणि त्यांना आधी शिकायला हवे होते. ज्या देशाने साम्राज्य हिरावले, त्याच देशातले शिक्षक आता उन्हाळ्यात माद्रिदला येऊन बसू लागले.

१९३२च्या उन्हाळ्यात आलेल्यांमध्ये स्मिथ कॉलेजात स्पॅनिश शिकवणारी कॅथरीन रेडिंग होती. वर्गात व्याख्यान देत होता कवी पेद्रो सालिनास. परक्यांना शिकवणे त्याला नवे नव्हते; पॅरिस आणि केंब्रिजमध्ये त्याने स्पॅनिश शिकवली होती. तो चाळिशीचा, विवाहित, दोन मुलांचा बाप. तो तिच्या प्रेमात पडला. उन्हाळा संपल्यावर ती अमेरिकेला परतली आणि पत्रे सुरू झाली. पुढच्याच वर्षी त्याचा 'ला व्होस आ ती देबिदा' हा संग्रह आला. विसाव्या शतकातली स्पॅनिशमधली श्रेष्ठ प्रेमकविता म्हणून आजही त्याचेच नाव घेतात.

या संग्रहात तिचे नाव नाही, गाव नाही, चेहऱ्याचे वर्णनही फारसे नाही. कवीला नावे, पत्ते, हुद्दे सगळे बाजूला सारून फक्त 'मी' आणि 'तू' उरायला हवे आहेत. समीक्षकांनी यावर तत्त्वज्ञानाच्या अंगाने पुष्कळ लिहिले आहे. मला, मास्तर असल्यामुळे असेल, त्यात तो वर्ग दिसतो. परकी माणसे भाषेच्या दारात पहिल्यांदा उभी राहतात ती सर्वनामांपाशीच, आणि समोर बसलेलीच्या मातृभाषेत 'तू' आणि 'आपण' असा भेदच नव्हता. तिच्यासाठी प्रत्येक 'तू' ही ठरवून केलेली निवड होती. स्पॅनिश घरात वाढलेल्याला हा शब्द इतका नवा वाटला असता का, मला शंका आहे.

या कवितांची किंमत तिसऱ्याच व्यक्तीने मोजली, हेही सांगायला हवे. सालिनासची पत्नी मार्गारिता हिला सारे कळल्यावर तिने जीव देण्याचा प्रयत्न केला. ती वाचली. त्यानंतर कॅथरीनने पाऊल मागे घेतले.

१९३६च्या जुलैत यादवी युद्ध पेटले, तेव्हा सालिनास सांतांदेरच्या उन्हाळी विद्यापीठात होता. अमेरिकेतल्या वेल्स्ली कॉलेजचे निमंत्रण आधीच आलेले होते. तो गेला आणि स्पेनला पुन्हा परतला नाही. हुंता फ्रँकोच्या राजवटीत बंद पडली. परक्यांना आपली भाषा देणारा मास्तर आता स्वतः परका होता. वर्गात स्पॅनिश आणि रस्त्यावर इंग्रजी. १९४३मध्ये तो पोर्तो रिकोला शिकवायला गेला, तेव्हा रस्त्यावर पुन्हा आपली भाषा ऐकू आली. १९४४मध्ये तिथल्या विद्यापीठात त्याने भाषेच्या बचावासाठी दिलेले भाषण प्रसिद्ध आहे. १९५१मध्ये बोस्टनला त्याचे निधन झाले. दफन मात्र पोर्तो रिकोत, सान हुआनच्या समुद्राकाठी.

कॅथरीनने पुढे लग्न केले, ती व्हिटमोर झाली आणि स्मिथमध्येच शिकवत राहिली. त्याची पत्रे तिने हार्वर्डच्या ग्रंथालयाला दिली, काही वर्षे ती खुली करू नयेत या अटीवर. निवडक पत्रे २००२मध्ये पुस्तकरूपाने आली. पुस्तकभर तोच बोलतो. तिची म्हणून आहे ती उतारवयात लिहिलेली एक छोटी आठवण. मी ती दरवर्षी माझ्या मुलांना वाचायला देतो, आणि 'तू'चा धडा त्यानंतर घेतो.