दुसरा दशांश

42.34 मीटर. 1942 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत सुरू झालेला काँग्रेस रेडिओ या लहरीवर बोलायचा. उषा मेहता आणि साथीदार यंत्र घेऊन जागा बदलत राहिले, ट्रान्समीटर उभा करण्यात नरिमन प्रिंटर यांचा हात होता, आणि 12 नोव्हेंबरला धाड पडली. आमचं बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. पंचेचाळीस वर्षांनी, 1987 च्या उन्हाळ्यात, घरातल्या बंद पडलेल्या रेडिओतला ईएल 84 व्हॉल्व्ह काढून मी ऑसिलेटर, म्हणजे लहर निर्माण करणारं सर्किट, करायला बसलो तेव्हा हौसेनं हाच आकडा धरला. म्हणजे 7.08 मेगाहर्ट्झ, हॅम रेडिओवाल्यांच्या चाळीस मीटरच्या बँडात अलगद बसतो. लायसन्सची परीक्षा व्हायची होती, म्हणून एरियल जोडायचं नाही, एवढं पथ्य पाळलं.

ऑसिलेटरचा जीव टँक सर्किटात. कॉईल आणि कंडेन्सर एकमेकांकडे ऊर्जा टोलवत राहतात; प्रत्येक फेरीत जे गळतं ते व्हॉल्व्ह भरून काढतो. कागदावर काम दोन ओळींचं. 25,330 ला मेगाहर्ट्झच्या वर्गानं भागायचं. येतो तो मायक्रोहेन्री आणि पिकोफॅरड यांचा गुणाकार. माझा आला 505. कंडेन्सर शंभरचा, कॉईल पाचची. झालं.

तार बार्शी नाक्यावरच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानातून आणली, वीस गेजची, वजनावर. शेतातल्या पंपांच्या मोटारी तिथं ढिगानं पडलेल्या असायच्या. इंचभर जाडीच्या पीव्हीसी पाइपवर इंचभर लांबीत सतरा वेढे घेतले. वेढ्यांत अंतर सारखं राहावं म्हणून तारेसोबत जाड दोरा गुंडाळला आणि शेवटी अलगद ओढून काढला. टॉर्चचा बल्ब तारेच्या एका वेढ्याला जोडून कॉईलजवळ नेला, तर बल्ब पेटला. कुठंही न जोडलेला! त्या रात्री जेवायला हाका मारून आई थकली.

मग मोजायला बसलो आणि पाणी कुठं मुरतंय ते कळलं. शेजारच्या रेडिओवर 41 मीटरचं एखादं स्टेशन लावून आपली लहर त्यावर टेकवली की शिट्टी ऐकू येते. दोन्ही तंतोतंत जुळल्या की शिट्टी विरते. माझी विरायची, आणि मिनिटभरात खालून घोगरी होऊन उठायची, बारीक होत होत कानापलीकडे जायची. रोज. एप्रिलात तर बघायलाच नको.

चूक कागदावरच होती, शंभरचा कंडेन्सर निवडण्यात. शंभर पिकोफॅरडच्या टँकमध्ये, तापलेल्या व्हॉल्व्हच्या पोटात एक पिकोफॅरड इकडचा तिकडे झाला तर लहर 35 किलोहर्ट्झ सरकते. कंडेन्सर चारशेचा घेतला तर तोच एक पिकोफॅरड जेमतेम नऊ किलोहर्ट्झ हलवतो. मग कॉईल हवी सव्वा मायक्रोहेन्रीची, म्हणजे साडेआठ वेढे. पण अशा टँकमध्ये आत फिरणारा करंट वाढतो आणि बारीक तारेत तो वाया जातो. माझा ऑसिलेटर दोनदा गप्पच बसला. शेवटी घराच्या अर्थिंगमधून उरलेली चौदा गेजची उघडी तार वापरली.

पाइपचंही तेच. तांब्यापेक्षा पीव्हीसी तापून कितीतरी जास्त फुगतं, आणि मी कॉईल ठेवली होती व्हॉल्व्हच्या कुशीत. जुन्या वायरिंगमध्ये भिंतीतून तार काढायला चिनी मातीची नळी बसवायचे; पाडलेल्या एका वाड्याच्या ढिगाऱ्यात तशी इंचभर जाडीची सापडली. कॉईल तिच्यावर घेतली आणि चेसिसच्या दुसऱ्या टोकाला नेली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जांभळ्या टोकाचा सिरॅमिक कंडेन्सर आणला, जो तापला की घटतो. यात चार वर्षं गेली. वेळ जास्त लागला तो माझ्या आळसामुळं, शास्त्रामुळं नव्हे.

मधल्या काळात कधीतरी हिशेब केला. 42.34 मधल्या शेवटच्या स्थानी एकचा फरक म्हणजे मीटरचा शंभरावा भाग; लहरीत त्याची किंमत दीड-पावणेदोन किलोहर्ट्झ. दर मुक्कामी नवी वायरिंग, नवं एरियल, आणि तरी काँग्रेस रेडिओच्या मंडळींनी दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा जाहीर केला होता! मी एका जागी बसून तो आकडा धरू शकत नव्हतो.

राहिला व्होल्टेज. रात्री पंपांची पाळी सुरू झाली की घरातले दिवे लालसर व्हायचे आणि शिट्टी धावत सुटायची. त्यावर उपाय म्हणून व्हीआर 150 ही व्होल्टेज स्थिर ठेवणारी गॅसची नळी बसवली, 1991 च्या डिसेंबरात. रात्री अकराला दिवे मंदावले, नळीतला जांभळा उजेड फिका पडला, पण विझला नाही. शिट्टी होती तिथंच राहिली. अर्धा तास बसून ऐकत होतो.

सकाळी बार्शी नाक्यावरून गेलो, तर दुकानासमोर रात्रीच्या पडत्या व्होल्टेजनं जळालेल्या तीन मोटारी उतरवत होते.