सम्यक व्यायाम आणि कबड्डीचे मैदान

व्यायाम हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे जोर, बैठका आणि घामाने भिजलेले बनियन उभे राहते. आर्य अष्टांगिक मार्गातील सहावे अंग 'सम्यक व्यायाम' हे आहे. तेथे मात्र या शब्दाचा अर्थ थोडा निराळा आहे. पालीत 'वायाम' म्हणजे प्रयत्न. जो दुर्गुण अजून मनात उपजला नाही तो उपजू न देणे, उपजलेला काढून टाकणे, जो सद्गुण अजून अंगी आला नाही तो आणणे आणि आलेला टिकवून वाढविणे, असा हा चार पदरी प्रयत्न होय. विहारात लहान मुलांकडून अष्टांगिक मार्ग पाठ करवून घेताना एखादा मुलगा हमखास विचारतो, "म्हणजे रोज पळायचं का?" मोठी माणसे हसतात. आम्हांस तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. दिवसभर बँकेत काउंटरवर बसावे आणि संध्याकाळी व रविवारी विचुंबे येथील मुलांना कबड्डी शिकवावी, असा आमचा काही वर्षांचा क्रम आहे. धम्म आणि मैदान यांचा एकमेकांशी संबंध काय, याचा विचार त्या प्रश्नापासूनच सुरू करता येतो.

विनयपिटकातील महावग्गात सोण कोळिविस या भिक्खूची कथा आली आहे. चंपा नगरीतील श्रीमंत घरचा हा मुलगा इतक्या लाडात वाढला होता की त्याच्या तळपायांवर केस उगवले होते, असे तेथे म्हटले आहे. प्रव्रज्या घेतल्यावर राजगृहाजवळच्या सीतवनात त्याने चंक्रमण, म्हणजे येरझाऱ्या घालीत करावयाची साधना, एवढ्या नेटाने केली की पाय फुटून वाट रक्ताने माखली. तरी काही साधेना. तेव्हा घरी परतावे, संपत्ती आहेच, दानधर्म करीत राहावे, असे त्याच्या मनात येऊ लागले. तथागतांनी त्याला उपदेशाचा भडिमार केला नाही. तू घरी असताना वीणा वाजवीत होतास ना, एवढेच विचारले. तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजत असे काय? फार सैल सोडल्या तर? दोन्ही वेळा सोण 'नाही' म्हणाला. प्रयत्नाचेही तसेच आहे, हे पुढे समजावून सांगावयास फारसे उरले नाही.

मुलांना खेळ शिकविणाऱ्याने ही कथा वर्षातून एकदा तरी वाचावी, असे आमचे मत आहे. स्पर्धा आठ दिवसांवर आली की प्रत्येक प्रशिक्षकाला तारा ताणण्याचा मोह होतो. सकाळी सराव, संध्याकाळी सराव, गुडघा दुखतो म्हणणाऱ्याला 'नाटक करू नकोस' असा दम. स्पर्धा संपली की महिनाभर कोणी मैदानाकडे फिरकत नाही. दोन्ही टोके वाईट. मुलगा पंधराव्या वर्षी गुडघा गमावून बसला तर त्याच्या कपाटातील चषकाचे काय करावयाचे?

या कथेचा पुढचा भाग प्रवचनांत सहसा सांगितला जात नाही. सोणाचे पाय नाजूक म्हणून तथागतांनी त्याला एकपदरी तळाची पादत्राणे वापरण्याची मुभा दिली. सोणाने ती एकट्यासाठी घेतली नाही. एवढी संपत्ती सोडून आलेला सोण आता जोड्यांत अडकला असे लोक म्हणतील, संघातील सर्वांना परवानगी मिळाली तरच मीही वापरीन, असे तो म्हणाला. मग ती परवानगी सर्व भिक्खूंना मिळाली. मध्यंतरी एका हितचिंतकांनी आमच्या संघातील उत्तम चढाईपटूसाठी बूट देऊ केले, तेव्हा आम्ही त्यांना ही कथा सांगितली. ते हसले आणि विचार करतो म्हणाले. संघात सात खेळणारे व पाच राखीव, म्हणून बारा जोड लागत होते. ते जमेपर्यंत सात महिने गेले आणि तोवर सगळेच अनवाणी खेळले. तो चढाईपटू महिनाभर आमच्यावर रुसून होता, हेही येथे नमूद करणे प्राप्त आहे.

आता शीलाविषयी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाचे अनुसरण करण्याबरोबरच खोटे न बोलण्याची व दारू न पिण्याची प्रतिज्ञा स्पष्ट शब्दांत आहे. आपण त्या दरवर्षी मोठ्याने म्हणतो. परंतु खोटे न बोलणे याचा बारा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात नेमका अर्थ काय? कबड्डीत तो सापडतो. सरावाला पंच नसतो. चढाई करणाऱ्याचे बोट पाठीला लागले की नाही, हे त्याला आणि ज्याला लागले त्याला, एवढ्या दोघांनाच ठाऊक असते. आमच्याकडे ज्याला लागले त्याने आपण होऊन हात वर करून बाहेर जावयाचे, असा शिरस्ता आहे. नवीन मुलगा पहिले काही आठवडे हात वर करीत नाही. त्याला कोणी रागावत नाही. मोठी मुले निमूटपणे हात वर करून बाहेर जाताना तो पाहत असतो, आणि एके दिवशी त्याचाही हात वर जातो. शील म्हणजे सवय, आणि सवय पाठांतराने लागत नसून संगतीने लागते, असे आम्हांस मैदानावर वरचेवर दिसले आहे. मोठा मुलगा खोटे बोलला तर मात्र सारे मैदान आठवड्यात बिघडते.

या खेळाची आणखी एक खुबी सांगितली पाहिजे. कबड्डीत मारला गेलेला गडी कायमचा बाद होत नाही. सोबत्यांनी गुण मिळविला की तो उठतो, आणि जो आधी बाद झाला तो आधी आत येतो. गुटख्याच्या नादाने सराव सोडून गेलेल्या मुलांच्या बाबतीत आम्ही हाच नियम लावतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ सालीच बंदी आली, परंतु पुड्या मिळतात, हे सुज्ञ वाचकांस सांगणे नलगे.

एक प्रसंग विस्ताराने सांगतो. स्पर्धेचे व व्यक्तींचे नाव देण्याचे कारण नाही. जवळच्याच एका गावी कुमार गटाची स्पर्धा होती. या गटाला वयाची व वजनाची अट असते. आमचा एक कोपरारक्षक आजारी पडला. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी सुचविले की, बाहेरगावचा एक गडी आहे, वयाने मोठा परंतु अंगाने किरकोळ, त्याला आपल्याच एका राखीव मुलाच्या नावावर व आधारकार्डावर उतरवावे. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. सगळेच संघ असे करतात. चषक आला तर मैदानासाठी ग्रामपंचायतीकडे बोलता येईल. मुलांना प्रमाणपत्रे मिळतील, पुढे नोकरीला उपयोगी पडतील. (हा शेवटचा समज पालकांतही फार आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे हे खरे, परंतु गावोगावच्या अशा स्पर्धांची प्रमाणपत्रे त्याला चालत नाहीत.) प्रवेश-अर्जावर प्रशिक्षक म्हणून सही आमची होती. नमुना सही न जुळणारा धनादेश परत करणे हे आमचे रोजचे काम. तो कोणाचा आहे हे तेथे पाहावयाचे नसते. आमचे उत्तर ठरलेलेच होते, तरी आम्ही गोष्ट मुलांपुढे मांडली. विहाराच्या ओट्यावर चर्चा झाली. बहुतेकांचा कल गडी घेण्याकडेच होता. तेवढ्यात ज्याचे कार्ड वापरावयाचे होते तो मुलगा म्हणाला, "काका, मग त्या दिवशी मी कुठं बसायचं?"

त्याच्या नावाने दुसरा खेळत असताना त्याला मैदानाजवळ फिरकताही येणार नव्हते. घरी लपून बसावे लागणार होते. यावर कोणापाशीच उत्तर नव्हते. चर्चा तेथेच थांबली, अर्जावर खरी बारा नावे गेली आणि तो मुलगा कोपऱ्यावर खेळला. दुसऱ्याच फेरीत आम्ही तीन गुणांनी हरलो. त्या हंगामात आमची दोन चांगली मुले दुसऱ्या संघात गेली. त्यांतील एक परत आला, दुसरा नाही. तो तेथे उत्तम खेळतो, आणि रस्त्यात भेटला की आधी तोच 'जय भीम' घालतो.

येथे एक अडचण उभी राहते व ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कोसल देशाचा राजा प्रसेनजित अजातशत्रूकडून युद्धात हरला, तेव्हा तथागतांनी सांगितलेली गोष्ट धम्मपदात आली आहे. तिचा आशय असा, की जयातून वैर जन्मते, हरलेला दुःखात झोपतो, आणि जय व पराजय दोन्ही सोडणारा सुखाने राहतो. मग ज्या खेळात गुणफलक असतो तो शिकवावा तरी कशाला? काही शिक्षक मुलांना सांगतात की हारजीत महत्त्वाची नाही. मुलांना हे खोटे आहे हे लगेच कळते, कारण तोच शिक्षक रेषेबाहेर उभा राहून ओरडत असतो. आमच्या मते जिंकण्यासाठी मनापासून खेळावे, आणि वैर व दुःख यांचा बंदोबस्त सामन्यानंतर करावा. सामना संपल्यावर पंचांविषयी कोणी एक शब्द बोलावयाचा नाही, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या चांगल्या पकडीची आठवण प्रत्येकाने एक तरी सांगावयाची, एवढा नियम आम्ही पाळतो. जेम्स नेस्मिथ हे धर्मशास्त्र शिकलेले ख्रिस्ती गृहस्थ. त्यांनी १८९१ साली अमेरिकेत बास्केटबॉल हा खेळ शोधून काढला आणि पुढे कॅन्सस विद्यापीठाच्या संघाला शिकविले. त्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल प्रशिक्षकांपैकी जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने जास्त असणारे ते एकटेच! खेळाच्या जनकाची ही नोंद आम्हांस मोठी धीर देणारी वाटते.

श्रद्धा मैदानावर आणावी ती कोणत्या रूपात, हाही प्रश्न आहे. मुंबईत एके काळी धर्मावर आधारलेले संघ क्रिकेट खेळत. १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी झालेले हे सामने १९४६ मध्ये बंद पडले. त्यांतील हिंदू संघाचा आधार म्हणजे चर्मकार समाजातील गोलंदाज पळवणकर बाळू. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. परंतु पुण्यात खेळत असताना सहकारी त्यांना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा देत, आणि हिंदू संघाचे कर्णधार म्हणून त्यांची निवड कधीच झाली नाही. १९२३ साली ते पद त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. छातीवर धर्माचे नाव होते, परंतु चहाच्या वेळी धर्म आपल्याच गड्याला बाहेर बसवीत होता.

म्हणून आम्ही एक पथ्य ठेवले आहे. आमच्या संघात बौद्ध मुले आहेत, तशीच आगरी, मराठा व आदिवासीही आहेत. मैदानावर वंदना म्हणवून घेत नाही. ती विहारात ज्याला यावयाचे त्याने म्हणावी. सरावापूर्वी पाच मिनिटे सर्वांनी डोळे मिटून फक्त श्वासाकडे लक्ष द्यावयाचे. आनापानसती हे नाव ठाऊक नसले तरी, सगळा खेळच दमावर चालत असल्याने, मुलांना त्याचे कारण समजावून सांगावे लागत नाही. काही धम्मबांधवांना हे पथ्य पसंत नाही. त्यांच्याशी आमची चर्चा चालू आहे.

पावसाळ्यात मैदानावर चिखल असतो, तेव्हा वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते आणि त्याला संघातील काही मुले येतात. आश्विन पौर्णिमा झाली की मैदान पुन्हा आखावयाचे. मुलांसाठी बारा मीटर लांब व आठ मीटर रुंद. आजूबाजूला इमारती उठत असल्याने यंदा ते दोन हात पूर्वेला सरकवावे लागले. चुन्याची फक्की मुलांनीच टाकली. मध्यरेषा थोडी वाकडी आली आहे.