विंगेतला काळा कोट

चंदगड तालुक्यात, ताम्रपर्णीच्या काठावरच्या कोवाडात राहून रणजित देसाईंनी ‘स्वामी’त पेशवाईतलं पुणं उभं केलं, ‘राजा रविवर्मा’त एका चित्रकाराचं जग उभं केलं, आणि ‘हे बंध रेशमाचे’ हे संगीत नाटकही लिहिलं. त्यामुळे त्याच तालुक्यातल्या कुणी उद्या एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसवर संगीत नाटक लिहायला घेतलं, तर त्यात नवल वाटायचं कारण नाही. प्रश्न एवढाच, की शोधायचं काय? बहुतेक जण आधी टोप्या, घेरदार झगे आणि गॅसचे दिवे शोधतील. ते लागतंच, पण त्याने फार तर नेपथ्य होतं, नाटक होत नाही. माझ्या मते शोध पैशापासून सुरू व्हावा. त्या शहरात कोण कुणासाठी गात-नाचत होतं आणि त्याचा खर्च कोण उचलत होतं?

फ्रेंच चित्रकार एद्गार दगाचं ‘तारका’ हे चित्र घ्या. जेमतेम दोन फूट उंचीचा कागद, त्यावर १८७०च्या दशकातलं पेस्टलचं काम. उजेडात एकटी नर्तिका झेपावलेली आणि मागे रंगवलेल्या पडद्याच्या कडेला काळ्या कोटातला एक पुरुष. त्याचा चेहरा पडद्याआड गेलाय. पॅरिसच्या ऑपेरात वर्गणीदार धनिकांना पडद्यामागे मोकळा वावर होता आणि नाचणाऱ्या मुली बहुतेक गरिबाघरच्या असत. दगाच्या चौदा वर्षांच्या नर्तिकेच्या मेणाच्या पुतळ्यासाठी उभी राहिलेली मारी व्हान गोथेम ही धुणं धुणाऱ्या बाईची मुलगी. १८८१मध्ये पुतळा प्रदर्शनात मांडला गेला, तेव्हा समीक्षकांनी त्या पोरीच्या चेहऱ्याला नावं ठेवली. पुढच्याच वर्षी ऑपेराने तिला गैरहजेरीवरून काढून टाकलं. याच मारीवर अमेरिकेत २०१४मध्ये ‘लिटल डान्सर’ हे संगीत नाटक आलं. आता कुणी म्हणेल, चित्र म्हणजे काही पंचनामा नव्हे. दगाने नृत्याची कितीतरी दृश्यं स्टुडिओत बसून जुळवली आहेत. खरं आहे. म्हणून तर चित्राला साक्षीदार करून भागत नाही. हा काळा कोट इथे काय करतोय, हे चित्राने विचारायचं आणि उत्तर ऑपेराच्या दप्तरात, हजेरीच्या नोंदींत शोधायचं.

यावर मोठा आक्षेप आपल्याच रंगभूमीवरून येतो. फ्रेंच नाटककार मोलिएरने १६६०मध्ये पॅरिसच्या रस्त्यावर हरवलेल्या एका छोट्या तसबिरीभोवती प्रहसन रचलं. ते आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकातून गोविंद बल्लाळ देवलांपर्यंत आलं, आधी गद्यात आणि मग १९१६मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून. देवलांनी पॅरिसचा अभ्यास कुठे केला होता? पात्रांना त्यांनी सरळ नक्षत्र-महिन्यांची नावं दिली: रेवती, कृत्तिका, अश्विनशेठ, फाल्गुनराव. पॅरिस त्यांनी धुंडाळलं नसेल, पण आपलं शहर त्यांना पाठ होतं. मोलिएरची नायिका सुखवस्तू घरातली लेक आहे. देवलांची रेवती नायकिणीच्या घरातली. एवढ्या एका बदलाने दोन गाठी सुटतात. गाणं हा तिच्या घरचाच पेशा, म्हणून ती गायला लागली की ‘ही आता का गातेय?’ असं कुणी विचारत नाही. आणि अश्विनशेठच्या संशयाला जागा मिळते, कारण नायकिणीच्या दारात शेठ येतात ते काय हेतूने, हे समोरच्या प्रेक्षकाला सांगावं लागत नव्हतं. तसबीर तीच, पण ती कुणाच्या हातात गेली तर किती जळेल, हे देवलांनी इथल्या व्यवहारावरून ठरवलं. दगाच्या विंगेतला कोट आणि रेवतीच्या दारातला शेठ हे मला एकाच बिरादरीतले वाटतात.

पण लोक तिकीट काढतात ते झगमगाटासाठी, हिशेबाच्या वह्या बघायला नाही, असंही म्हणता येईल. झगमगाट जरूर असू द्या. नर्तिकेचं पद रंगात आलं की प्रकाशझोत तिच्यावरच राहू द्या. फक्त तो काळ्या कोटातला माणूस पदभर विंगेच्या तोंडाशी उभा ठेवा, अर्धा पडद्याआड, आणि त्याला एकही वाक्य देऊ नका.