चमच्याने प्यायचं चॉकलेट

रील्समध्ये तुम्ही ते नक्की पाहिलं असेल. छोटासा पांढरा कप, आत जवळजवळ काळं दिसणारं चॉकलेट आणि चमचा वर उचलला की संथपणे खाली ओघळणारी जाड धार. मग एखाद्या वीकेंडला आपण कॅफेत जातो, मेन्यूतलं ‘इटालियन हॉट चॉकलेट’ मागवतो, दोन-तीनशे रुपये मोजतो. आणि कधी कधी समोर येतं काय, तर चॉकलेटचा वास असलेलं गरम दूध आणि वर क्रीमचा डोंगर. चमचा बुडवा, उचला... टप टप दूधच!

इटलीत याला ‘चोकोलाता काल्दा’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘गरम चॉकलेट’, बस्स. पण ते प्यायला कमी आणि खायला जास्त असतं. थंडीच्या दिवसांत तिथल्या कॅफेंमध्ये ते लहान कपात, चमच्यासकट देतात. ‘कोन पान्ना’ म्हटलं की वर फेटलेलं क्रीम येतं. (पान्ना म्हणजे क्रीम. आपल्या कैरीच्या पन्ह्याशी याचं काही नातं नाही!)

चॉकलेटप्रेमींनी इटलीच्या नकाशावर एका शहरावर खूण करून ठेवावी. वायव्येकडचं, आल्प्सच्या पायथ्याजवळचं तुरीन. तिथे कोन्सोलाता चर्चसमोर ‘काफे अल बिचेरिन’ हे १७६३ पासूनचं छोटंसं कॅफे आहे. त्याची ओळख असलेलं ‘बिचेरिन’ हे पेय म्हणजे दाट चॉकलेट, कॉफी आणि वर हलकं फेटलेलं क्रीम. तिथल्या बोलीत बिचेरिन म्हणजे छोटा ग्लास. ते ढवळायचं नाही, थर तसेच ठेवून प्यायचं. हेझलनट आणि चॉकलेटची जोडी जमली तीही याच भागात, आणि आपण ब्रेडला फासतो ते न्युटेलाही इथल्याच आल्बा गावचं.

आता मुद्द्याचं. एवढं दाट म्हणजे आत ढीगभर चॉकलेट ओतलेलं असणार असं वाटतं ना? तसं नाहीये. चव चॉकलेटची असते, पण दाटपणा बराचसा स्टार्चचा. म्हणजे आपलं साधं कॉर्नफ्लोअर. मंचुरियनच्या ग्रेव्हीसाठी आणलेलं ते पाकीट डब्यांच्या मागे कुठे तरी असेलच, शोधा.

कॉर्नफ्लोअर कसं वागतं हे तुमच्या आजीला पक्कं ठाऊक आहे. नाचणीसत्त्व शिजवताना ती ते आधी थंड पाण्यात कालवते, कारण थेट गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या झाल्याच. बाहेरचं पीठ गरम पाणी पिऊन लगेच चिकट होतं आणि आतलं कोरडंच अडकून पडतं. स्टार्चचे कण साधारण ६५ अंशांच्या पुढे फुगायला लागतात, आणि खरा दाटपणा येतो तो उकळीच्या जवळ. म्हणून नुसतं गरम करून भागत नाही. आधीच गॅस बंद केलात तर ते पातळ राहतं, वर जिभेवर कच्च्या पिठाची चव येते.

दोघांसाठी पाव लिटर फुल क्रीम दूध घ्या. एका पातेल्यात दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर, एक मोठा चमचा बिनसाखरेची कोको पावडर, एक मोठा चमचा साखर आणि चिमूटभर मीठ कोरडंच एकत्र करा. मीठ वगळू नका, त्याने चॉकलेटची चव उठून येते. यात चार-पाच चमचे थंड दूध घालून गुळगुळीत पेस्ट होईपर्यंत कालवा. मग उरलेलं दूध थोडं थोडं घालत मिसळा आणि पातेलं मंद आचेवर ठेवा. इथून पुढे मोबाइल लांब. ढवळत राहायचं, पातेल्याच्या तळाशी आणि कडांना चमचा फिरवत. पाच-सात मिनिटं काहीच होत नाहीये असं वाटतं, आणि मग अचानक ते जड व्हायला लागतं. बुडबुडे आले की आणखी एक मिनिट ढवळा आणि गॅस बंद करा.

चॉकलेट आत्ता घालायचं, आधी नाही. साठ ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरून गरम मिश्रणात टाका आणि विरघळेपर्यंत ढवळा. आधीच घातलं तर ते तळाला बसून करपण्याची भीती असते, आणि करपलेल्या चॉकलेटला इलाज नाही.

खर्च करायचाच असेल तर तो या साठ ग्रॅमवर करा. दुकानात वडी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. घटकांमध्ये कोको बटर हवं. त्याऐवजी हायड्रोजनेटेड वनस्पती तेल दिसलं तर ते कंपाउंड. केकवर ओतायला चालतं, पण इथे जिभेवर मेणासारखा थर राहतो. ५५ ते ७० टक्के कोकोचं चॉकलेट छान लागतं. आणि ड्रिंकिंग चॉकलेटचा डबा? त्यात बरेचदा साखरच जास्त असते, कोकोऐवजी तो वापरलात तर नुसतं गोड होईल.

तयार झालं की मिनिटभर थांबा, ते आणखी दाट होतं. फारच घट्ट झालं तर दोन चमचे गरम दूध घालून सैल करा. ओताल ते लहान कपातच. कॉफीचा मोठा मग भरून हे संपत नाही, अर्ध्यातच जीव जड होतो. वर बिनसाखरेचं फेटलेलं क्रीम असेल तर उत्तम. नसेल तर नानकटाई बुडवून बघा, इटालियन लोकांनी नाक मुरडलं तर मुरडू दे. वासासाठी संत्र्याची साल किसून घालता येते, दालचिनीही चालते. वेलची मात्र नको, तिने सगळ्याचं बासुंदीकरण होतं.

उरलंच तर वाटीत काढून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळपर्यंत त्याचं पुडिंग झालेलं असेल.