मारेकरी कुणाला हेरतो?
लैंगिक हेतूने होणाऱ्या खुनांत बळी ठरण्याचं कारण बाईच्या कपड्यांत किंवा स्वभावात शोधणं चुकीचं आणि अन्यायाचंही आहे. मारेकऱ्याच्या पसंतीइतकीच संधी मोलाची ठरते: बाई एकटी आहे का, अनोळखी माणसाच्या गाडीत बसणं तिला भाग आहे का, आणि ती परतली नाही तर कुणी शोध घेईल का.

अमेरिकेत सिएटल परिसरातल्या गॅरी रिजवेने २००३ मध्ये ४८ खुनांची कबुली दिली. देहविक्रय करणाऱ्या बायका नाहीशा झाल्याचं लवकर कुणाला कळणार नाही, म्हणून त्यांना निवडलं, असं त्याच्या न्यायालयातल्या निवेदनात आहे. समाज ज्यांना जिवंतपणीच गणतीत धरत नाही त्यांच्या मृत्यूचा तपासही ढिला पडतो, हे अभ्यासक स्टीव्हन एगर यांनी मांडलं. कॅनडात व्हँकुव्हरमधून बेपत्ता झालेल्या स्त्रियांत मूळनिवासी मोठ्या प्रमाणात होत्या. या प्रकरणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या वॉली ओप्पल आयोगाच्या २०१२ च्या अहवालाने तिथल्या पोलीस तपासातल्या अक्षम्य त्रुटी उघड केल्या. इंग्लंडमध्ये पीटर सटक्लिफला १३ खुनांबद्दल १९८१ मध्ये शिक्षा झाली. त्याच्या बळींविषयी वापरलेल्या भाषेबद्दल वेस्ट यॉर्कशर पोलिसांची माफी यायला मात्र २०२० उजाडलं.