पायवाटांचा प्रदेश

इंग्लंडच्या वायव्य भागात डोंगर आणि सरोवरे यांनी नटलेला एक लहानसा मुलूख आहे. ‘लेक डिस्ट्रिक्ट’, म्हणजे सरोवरांचा प्रदेश, या नावाने तो जगभर ओळखला जातो. स्काफेल पाइक हे इंग्लंडमधील सर्वांत उंच शिखर याच मुलखात आहे. त्याची उंची ९७८ मीटर आहे. इंग्लंडमधील सर्वांत मोठे सरोवर विंडरमियर हेही येथेच असून त्याची लांबी सुमारे १७ किलोमीटर आहे. मोटारीत बसून एका दिवसात हा सारा प्रदेश पाहून होतो. परंतु तो कळतो मात्र पायी चालणाऱ्यालाच.

हजारो वर्षांपूर्वी, हिमयुगात, हे डोंगर बर्फाच्या जाड थराखाली झाकलेले होते. बर्फाच्या त्या प्रचंड नद्या उंचावरून हळूहळू खाली सरकत आणि वाटेतील खडक खरवडून काढीत. त्यामुळे खोल व रुंद दऱ्या तयार झाल्या. पुढे हवा उबदार झाली आणि बर्फ वितळले. हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्यांत पाणी साठले आणि तीच ही सरोवरे बनली. मध्यभागीच्या उंच डोंगरांपासून या दऱ्या चारी दिशांना फाकलेल्या आहेत. विल्यम वर्डस्वर्थ हा प्रसिद्ध इंग्रज कवी याच भूमीचा पुत्र होता. या प्रदेशाची माहिती देणारे एक पुस्तक त्याने लिहिले आहे. त्यात त्याने या दऱ्यांना चाकाच्या आऱ्यांची उपमा दिली आहे. येथे पाऊसही उदंड पडतो. सीथवेट नावाच्या वाडीत वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पावसाची नोंद होते. म्हणूनच येथील डोंगरउतार नेहमी हिरवेगार आणि ओढे खळाळते असतात.

या डोंगरांवर माणूस फार पूर्वीपासून राहत आला आहे. हजार-अकराशे वर्षांपूर्वी उत्तरेकडून समुद्रमार्गे आलेल्या नॉर्स लोकांनी येथे वस्ती केली. डोंगर, ओढा, तळे यांना येथील शेतकरी जे शब्द वापरतात, त्यांतील अनेक त्यांच्याच भाषेतून आलेले आहेत. उतारांवर चुना किंवा माती न वापरता, नुसते दगडावर दगड रचून घातलेले गडगे मैलोगणती पसरलेले दिसतात. उंचावरच्या उघड्या माळांवर हर्डविक जातीच्या मेंढ्या चरतात. या मेंढ्यांचे कोकरू जन्मतः काळे असते. वय वाढेल तशी त्याची लोकर करडी होत जाते. उंच माळांवर कुंपण नसते. तरीही प्रत्येक कळप आपली चराईची जागा सोडून सहसा जात नाही. कोकरू आईच्या मागोमाग हिंडते आणि आपली हद्द शिकते. मोठे झाल्यावर तेच ज्ञान ते आपल्या पिल्लांना देते. अशा रीतीने चराईच्या सीमा पिढ्यानुपिढ्या कायम राहतात.

माणसांच्या वाटाही बऱ्याच अंशी अशाच निर्माण झाल्या. या प्रदेशात पायवाटांचे मोठे जाळे आहे. बाजाराला जाण्यासाठी, खाणीवर कामाला जाण्यासाठी, मेंढ्या डोंगरावर नेण्यासाठी लोक ज्या सोयीच्या मार्गाने गेले, तोच मार्ग पुढच्या पिढीने धरला. त्यांतील पुष्कळ वाटा प्रार्थनामंदिराकडे जातात. मध्ययुगात एकेका प्रार्थनामंदिराची पंचक्रोशी फार मोठी असे. दूरच्या वाड्यावस्त्यांतील लोकांना रविवारच्या प्रार्थनेसाठी, बाळाच्या नामकरणासाठी आणि विवाहासाठी डोंगर ओलांडून तेथे जावे लागे; आणि जीवनाची अखेरची यात्राही त्याच वाटेने होई.

रायडलहून ग्रासमियर गावाकडे जाणारी एक जुनी वाट याची साक्ष देते. आसपासच्या ज्या वस्त्यांना स्वतःची दफनभूमी नव्हती, तेथील मृतांना या वाटेने ग्रासमियरच्या प्रार्थनामंदिराच्या आवारात नेत असत. शवपेटी खांद्यावर घेऊन चालणारी माणसे थकत. तेव्हा पेटी क्षणभर टेकविता यावी म्हणून वाटेच्या कडेला सपाट दगड असत. त्यांतील एक दगड अद्याप तेथे आहे. आज त्यावर थकलेले पदयात्री बसतात. पश्चिमेकडील वॉस्डेलची वाट तर याहूनही कठीण होती. तेथील लोकांना आपले मृत शेजारच्या एस्कडेल दरीत न्यावे लागत. दोन दऱ्यांच्या मधे उंच, ओसाड व वाऱ्याने झोडपलेला माळ आहे. हिवाळ्यात धुके आणि बर्फ यांतून ही यात्रा किती अवघड होत असेल याची कल्पनाच केलेली बरी!

ग्रासमियरचे प्रार्थनामंदिर सातव्या शतकातील ऑस्वल्ड या संतपदाला पोहोचलेल्या राजाच्या नावाने बांधलेले आहे. त्याची आजची इमारत मध्ययुगातील आहे. भिंती जाड व ओबडधोबड दगडांच्या असून छताला काळसर लाकडी तुळयांची दाट जुळणी आहे. कोरीव कामाचा डौल येथे नाही. डोंगरातल्या माणसांनी डोंगरातल्याच दगडांनी उभारलेली ही वास्तू आहे. पूर्वी तिची जमीन मातीची होती. थंडी व ओल यांपासून बचाव व्हावा म्हणून गावकरी तीवर लव्हाळे पसरीत आणि दर वर्षी ते बदलीत. १८४१ साली तेथे दगडी फरशी बसविण्यात आली. लव्हाळ्यांची गरज संपली, पण प्रथा मात्र संपली नाही. आजही उन्हाळ्यात एके दिवशी गावातील मुले लव्हाळे व फुले घेऊन मिरवणुकीने प्रार्थनामंदिरात जातात आणि त्यानंतर आले घातलेली गोड वडी खाऊ म्हणून घेतात. मंदिराच्या आवारात गर्द सदाहरित यू वृक्षांच्या सावलीत वर्डस्वर्थची साधी समाधी आहे. त्याचा मृत्यू १८५० साली झाला. ज्याच्याजवळ पाहणारे डोळे आणि रमणारे मन आहे, त्या प्रत्येकाचा या प्रदेशावर हक्क आहे, असा विचार त्याने आपल्या त्या पुस्तकात मांडला होता.

अशा वास्तू शतकानुशतके टिकतात, त्या केवळ दगड मजबूत असतात म्हणून नव्हे. या प्रदेशाच्या दक्षिण सीमेलगत कार्टमेल नावाचे गाव आहे. तेथील कथा या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. सुमारे ११९० साली विल्यम मार्शल या सरदाराने तेथे एक मठ स्थापन केला. मठाचे प्रार्थनामंदिर भव्य आहे आणि त्याचा मनोरा तर पाहणाऱ्याला चकित करतो. खालच्या चौकोनी मनोऱ्यावर दुसरा चौकोनी मनोरा तिरका बसविलेला आहे. त्यामुळे वरच्या मजल्याचे कोपरे खालच्या भिंतींच्या मध्यावर येतात. गावाच्या दक्षिणेस समुद्राचा उथळ उपसागर आहे. ओहोटीच्या वेळी प्रवासी त्याची वाळू तुडवीत पलीकडून येत. भरतीचे पाणी फार वेगाने चढते आणि वाळूत पाय रुततात. म्हणून मठाने त्यांच्यासाठी वाटाड्याची सोय केली होती.

सोळाव्या शतकात राजा आठवा हेन्री याने इंग्लंडमधील मठ बरखास्त करून त्यांची संपत्ती ताब्यात घेण्यास सुरुवात केली. किती तरी मठांची छपरे उतरविली गेली, भिंती ढासळल्या आणि त्यांचे दगड लोकांनी घरे बांधण्यासाठी नेले. कार्टमेलवरही तीच वेळ आली. राजाज्ञेला विरोध केल्याबद्दल तेथील काही मठवासी व शेतकरी यांना १५३७ साली फाशी देण्यात आले. मठ बंद झाला. परंतु गावकऱ्यांनी एक गोष्ट निक्षून सांगितली. मठाच्या प्रार्थनामंदिरातील एका भागात पंचक्रोशीतील लोक पूर्वापार उपासना करीत आले होते. मठ गेला, तरी ही उपासनेची जागा त्यांची होती. हा दावा मान्य झाला आणि वास्तू उभी राहिली. मात्र गावकऱ्यांच्या भागाखेरीज बऱ्याच भागाचे छप्पर गेले आणि सुमारे ऐंशी वर्षे तेथे ऊन-पाऊस येत राहिला. १६१८ साली जॉर्ज प्रेस्टन या स्थानिक धनिकाने जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले व पुन्हा छप्पर चढविले. राजाच्या सत्तेपुढे मठाचे वैभव टिकले नाही. गावकऱ्यांची नित्याची वहिवाट मात्र टिकली.

हाच प्रश्न पुढे पायवाटांच्या बाबतीतही निर्माण झाला. प्रदेशाच्या उत्तर भागात डरवेंटवॉटर सरोवराच्या काठी केझिक हे गाव आहे. गावाजवळच लॅट्रिग नावाची टेकडी आहे. तिच्या माथ्यावरून सरोवराचे रम्य दृश्य दिसते. म्हणून गावकरी आणि पाहुणे तेथे आवडीने फिरावयास जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमिनीच्या मालकाने ही वाट बंद केली आणि तीवर अडथळे उभारले. वाट आपल्या जमिनीतून जाते, तेव्हा ती बंद करण्याचा आपणांस अधिकार आहे, असे त्याचे म्हणणे होते. लोकांचे म्हणणे असे की, आमचे वाडवडील याच वाटेने गेले. ती आता एकट्याची राहिलेली नाही. केझिकजवळच्या क्रॉस्थवेट येथील प्राचीन प्रार्थनामंदिराचा धर्मोपदेशक हार्डविक रॉन्सली हा या चळवळीच्या पुढाऱ्यांपैकी एक होता. १८८७ च्या ऑक्टोबर महिन्यात सुमारे दोन हजार माणसे एकत्र जमली, त्यांनी वाटेतील अडथळे दूर केले आणि ती शांतपणे टेकडीच्या माथ्यापर्यंत चालत गेली. प्रकरण न्यायालयात गेले. पुढल्या वर्षी तडजोड होऊन माथ्यावर जाणारी वाट सर्वांना मोकळी झाली.

लॅट्रिगच्या प्रश्नावर लोकांनी जे सांगितले, तेच पुढे इंग्लंडच्या कायद्यानेही मान्य केले. एखाद्या वाटेने लोक वीस वर्षे उघडपणे, कोणाची परवानगी न घेता आणि अडथळ्यावाचून चालत आले असतील, तर ती सर्वांची वाट आहे असे सामान्यतः मानावे, हे तत्त्व १९३२ च्या कायद्यात घालण्यात आले. १९४९ च्या कायद्याने अशा वाटा नकाशावर नोंदविण्याची व्यवस्था केली. याच कायद्यानुसार १९५१ साली सरोवरांचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला. त्यापूर्वीच, १८९५ साली, रॉन्सली, ऑक्टेव्हिया हिल आणि रॉबर्ट हंटर या तिघांनी ‘नॅशनल ट्रस्ट’ ही संस्था स्थापन केली होती. सुंदर स्थळे व जुन्या वास्तू विकत घेऊन अथवा देणगीरूपाने मिळवून त्या सर्वांसाठी जपणे, हा तिचा उद्देश. मुलांची आवडती लेखिका बीअट्रिक्स पॉटर हिने आपल्या पुस्तकांच्या उत्पन्नातून येथे शेते घेतली, हर्डविक मेंढ्या पाळल्या आणि १९४३ साली मृत्यूसमयी आपली सुमारे ४,००० एकर जमीन याच संस्थेला ठेवली. २०१७ साली युनेस्कोने या प्रदेशाचा जागतिक वारशात समावेश केला.

वाट चालल्याने टिकते हे खरे; पण तिला चालल्यानेच झीजही पोहोचते. आज दर वर्षी लक्षावधी लोक येथे येतात. त्यांच्या बुटांखाली गवत नाहीसे होते, उघडी पडलेली माती पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते आणि पायवाटेची घळ बनते. घळीतून चालणे त्रासाचे होते, म्हणून लोक कडेने चालतात. तेव्हा तीही बाजू उघडी पडते. अशी एक हातभर वाट पाहता पाहता रस्त्याएवढी रुंद होते. ती दुरुस्त करण्यासाठी कामगार आणि स्वयंसेवक डोंगर चढून जातात. उतारावर ते दगडांच्या ओबडधोबड पायऱ्या बसवितात. जेथे दलदल असते तेथे मेंढ्यांची लोकर खाली अंथरून तीवर दगड-माती घालतात. पाणी बाजूला काढून देण्यासाठी आडवे चर खणतात. हे काम कधीच पुरे होत नाही. एका टोकाचे संपते तोवर दुसऱ्या टोकाला पुन्हा सुरुवात करावी लागते.

येथील पायवाटांवरून जाताना जागोजागी गडग्यांत बसविलेल्या दगडी पायऱ्या व लहान फाटके लागतात. मेंढ्या बाहेर जाऊ नयेत, पण माणसाला मात्र वाट मिळावी, यासाठी ती केलेली असतात. जमीन शेतकऱ्याची, वाट सर्वांची! म्हणून फाटक उघडून पलीकडे गेलेला जाणता पदयात्री थांबतो आणि मागे वळून ते पुन्हा नीट लावतो. जी वाट दोन हजार माणसांनी चालून मोकळी केली, ती पुढच्या माणसासाठी मोकळी ठेवण्याचा एक सोपा भाग तो अशा रीतीने पार पाडीत असतो.